नाणं टाकसाळीत बिघडलं की बाहेर? 'एरर' नाण्याची रोजची अडचण आणि ती सोडवायची रीत

मागच्या आठवड्यात एक रुपयाचं एक नाणं माझ्याकडे आलं. आणणारा आमच्याच गल्लीतला, खानापूरच्या बसवर कंडक्टर आहे. नाणं कागदाच्या पुडीत, पुडी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात.

"काका, ह्ये जरा बघा की. बाकीच्या रुपयापेक्षा मोठं हाय. लाखाला जातंय म्हणूलालेत सगळी."

व्हर्नियर लावला. २०११ साली आलेल्या जातीचा रुपया २२ मिलिमीटरचा असतो. हा एकीकडून २४ भरला, दुसरीकडून २७. काट्यावर मात्र ३.७८ ग्रॅम, म्हणजे हवं तेवढंच. "वजन बरोबर हाय न्हवं? मग खरंच एरर की," तो म्हणाला. मी त्याला कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. कड नव्हतीच. दोन्ही बाजूंची उठलेली कड चपटी होऊन पृष्ठभागात मिसळून गेली होती, आणि 'भारत' मधला भ शेजारच्या अक्षराच्या दीडपट रुंद झाला होता. "तिसऱ्या गेटाकडनं आलंय काय हे?" असं विचारल्यावर तो ओशाळून हसला. पुतण्याने दिलेलं. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या आसपास रुळावर नाणं ठेवायचा पोरांचा धंदा आमच्या लहानपणापासूनचा आहे. आम्हीही ठेवलीत, खोटं कशाला बोलू.

असं नाणं दर पंधरा दिवसांनी एक तरी येतं. कुणी निपाणीहून फोटो पाठवतो, कुणी शहापूरच्या सराफ गल्लीतून माझं नाव ऐकून येतो. बहुतेक सगळी नाणी बाहेर बिघडलेली असतात: घासलेली, ठोकलेली, तेजाबात बुडवलेली, चाकाखाली गेलेली. खरं एरर नाणं, म्हणजे टाकसाळीतूनच चुकून बाहेर पडलेलं, क्वचित. दोन्हींतला फरक ओळखायला नाणेतज्ज्ञ असावं लागत नाही. मी नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत प्रेसशॉपमध्ये डाय-फिटर होतो, तीस वर्षं. माझ्या लेखी नाणं म्हणजे प्रेसवर निघालेला एक जॉब आहे, आणि जॉब बिघडला की तो कुठल्या टप्प्यावर बिघडला हे आम्ही खुणा बघून सांगतो. तेच इथे करायचं.

टप्पे असे. धातूचा पत्रा लाटून हव्या त्या जाडीला आणतात. पंचने त्यातून गोल चकत्या पाडतात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात. मग त्यांची कड दाबून थोडी वर उठवतात. शेवटी चकती दोन डायच्या (नक्षी कोरलेल्या पोलादी ठशांच्या) मध्ये आणि एका कॉलरच्या, म्हणजे काठाभोवतीच्या पोलादी कड्याच्या, आत बसते, प्रेस पडतो आणि वरची बाजू, खालची बाजू आणि काठ हे तिन्ही एकाच दाबात तयार होतं. काठावरचे कंगोरेसुद्धा कॉलरमधूनच येतात.

छाप सगळ्यात शेवटी पडते, आणि सगळं निदान याच्यावर उभं आहे. छापेच्या आधी चकतीत काही दोष असेल तर छाप त्या दोषावरून पसरलेली दिसते, अक्षरं त्याच्याशी जुळवून घेतात. दोष नंतरचा असेल तर तो तयार अक्षरं कापतो, चेपतो, ओढतो. भिंगातून बघताना मी हाच एक प्रश्न विचारतो: दोषावर अक्षर आहे, की अक्षरावर दोष?

मुळात चूकच नाही अशी नाणी

निम्म्याहून अधिक वेळ यात जातो, म्हणून हे आधी उरकून घेऊ.

"तारखेखाली काहीच खूण नाही." नसणारच. मुंबईच्या टाकसाळीची खूण चौकट, म्हणजे पत्त्यातला बदाम-चौकटमधला चौकट, हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाची गोल टिंब. कोलकात्याची खूणच नसते. खूण नसलेलं नाणं म्हणजे कोलकात्याचं नाणं.

"पाच रुपयाचं नाणं लोहचुंबकाला चिकटतंय." २००७-०८ चं असेल तर चिकटणारच, ते स्टेनलेस स्टीलचं आहे. त्याआधीचं जाडजूड ९ ग्रॅमचं पाचचं नाणं तांबं-निकेलचं होतं, ते चिकटत नाही. २००९ मध्ये पिवळं आलं, निकेल-ब्रासचं, ६ ग्रॅमचं. एकाच किमतीची तीन धातूंची नाणी एकाच गल्ल्यात फिरतात म्हणून माणूस गोंधळतो.

दहाच्या नाण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे कित्येक दुकानदार आजही ते घेत नाहीत, "चालत नाही" म्हणून हात झटकतात. दहाचं नाणं तोवर १४ वेगवेगळ्या नक्ष्यांत निघालं होतं आणि सगळी चालू चलन आहेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं. नक्षी निराळी दिसली म्हणून ते खोटंही नाही आणि एररही नाही. वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं, अंगठा दाखवणारा रुपया, दोन बोटं दाखवणारं दोनचं नाणं, सगळी ठरवून काढलेली नाणी आहेत.

चुकीच्या नक्षीची गोष्ट हवी असेल तर ती १९११ च्या रुपयाची. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या माळेत हत्ती कोरलाय, तो लोकांना डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. त्या रुपयाला लोक आजही 'पिग रुपी' म्हणतात. पण तीसुद्धा टाकसाळीच्या यंत्राची चूक नाही. कारागिराने काढलेला हत्ती लोकांना रुचला नाही, एवढंच.

रेघ उंच की खोल

रेघ दिसली की लोक थेट 'डाय क्रॅक' म्हणतात. इथे नखाची परीक्षा पुरते. डायला तडा गेला तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उंच उठते, नागमोडी जाते, अक्षरांमधून, अक्षरांवरून सारखी धावते. डायच्या काठाचा तुकडाच निखळला असेल तर तिथे नाण्यावर धातूचा ओबडधोबड गोळा उठतो आणि त्याच्या बरोबर मागच्या बाजूला नक्षी फिकी असते, कारण धातू इकडे पळालेला असतो. ओरखडा उलटा. तो खोल असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत किनार, उठलेली असते, नांगराच्या तासाला मातीचे उंचवटे असतात तशी.

हातात नाणं असेल तर यात चूक व्हायचं कारण नाही. अडचण फोटोत येते. उजेड वरून येतोय असं डोळा गृहीत धरतो. फोटो काढताना बॅटरी खालून धरली असेल तर खोल रेघ उंच दिसते आणि उंच रेघ खोल. मी स्वतः दोनदा फसलोय. एकदा तर चिक्कोडीच्या एका माणसाला "नक्की डाय क्रॅक आहे" म्हणून कळवून मोकळा झालो, आणि नाणं हातात आल्यावर खिळ्याने ओढलेली रेघ निघाली. आता मी नाणं न हलवता उजेड चारी बाजूंनी फिरवून चार फोटो मागतो. चारांत रेघ एकाच जातीची वाटली पाहिजे.

अक्षर किंवा तारखेतला आकडा गायब असण्याचंही असंच. डायच्या खोबणीत ग्रीस, कचरा भरला तर तिथलं अक्षर उठत नाही. पण मग त्या जागेचा पोत बाजूच्या सपाट भागासारखाच असतो, आणि अक्षर कडेला हळूहळू विरत जातं. कानशीने घासून आकडा उडवला असेल तर तिथे समांतर रेघांचा चकाकता पट्टा दिसतो. जास्त सफाईदार माणूस पॉलिशही करतो, पण मग जागा बशीसारखी खोलगट होते. पट्टी आडवी टेकवून उजेडासमोर धरा, खालून फट दिसेल.

तुकडा गेलेलं नाणं

इथे जरा थांबतो, कारण माझ्या हातून गेलेल्या नाण्यांत खात्रीने खरं म्हणता येईल असं नाणं याच प्रकारातलं होतं. आणि ते त्याच कंडक्टरने आणलेलं.

स्टीलचा रुपया, १९९२ पासून निघाला त्या जातीचा, २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅमचा. सिंहांच्या उजव्या बाजूला, जिथे इंग्रजीत देशाचं नाव आहे, तिथून नखाएवढी चंद्रकोर गेलेली. पहिली शंका अर्थातच कातरीची. काट्यावर ४.५२ भरलं. यावरून काहीच कळत नाही. तुकडा टाकसाळीत गेला काय किंवा लोहाराकडे गेला काय, वजन कमी होणारच.

मग मी दुसरा तसलाच रुपया घेऊन त्याचा काठ त्या कोरीला लावून बघितला. जवळजवळ मिळून बसला. हे चांगलं लक्षण. पत्रा पंचखाली पुरेसा पुढे सरकला नाही तर नवा घाव आधीच्या भोकावर चढतो आणि चकती कोर घेऊन बाहेर पडते. म्हणजे कोरीची गोलाई त्याच मापाच्या चकतीची असायला हवी. गोल कानशीने केलेली कोर बहुधा त्याहून लहान असते, हॅकसॉची तर सरळच. प्रेसशॉपच्या भाषेत हे नेहमीचं दुखणं आहे, दिवसाला पन्नास वॉशर असे निघायचे आणि आमचा फोरमन फीडवर बसलेल्याला शिव्या घालायचा.

नंतर भिंग. शेवटचं इंग्रजी ए अक्षर कोरीच्या तोंडाशी होतं. ते कापलेलं नव्हतं. ते कोरीकडे झुकून ताणलं गेलं होतं, पाय पसरून उभं राहिल्यासारखं, आणि कोरीपर्यंत पोचता पोचता पातळ झालं होतं. दाब पडला तेव्हा त्या बाजूला अडवायला धातूच नव्हता, म्हणून अक्षर तिकडे वाहिलं. कापलेल्या नाण्यात अक्षर अर्धं पूर्ण उंचीचं उभं असतं आणि कापल्या जागी एकदम संपतं.

शेवटची खूण मला सगळ्यात आवडते. कोरीच्या बरोबर समोर, 'भारत' च्या बाहेरच्या बाजूला, कड फिकी होती. तेवढ्याच भागात. कड उठवायच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी चेपत फिरते. एका बाजूला कोर आली की त्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, आणि तिथली कड नीट उठत नाही. नाणेवाले याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. प्रत्येक खऱ्या कोरीत तो दिसेलच असं नाही, पण दिसला तर कातरीवाला हरला. कातरीने कोर पाडणाऱ्याला समोरची कड पुसायचं सुचतच नाही.

कंडक्टरला सांगितलं, हे खरं आहे. त्याने पहिला प्रश्न विचारला, "किती मिळतील?" दुसरा प्रश्न, "पितळ घासायच्या पावडरीनं घासून आणू काय?" नको, नको, नको. चिंचेनेही नको. खऱ्या नाण्याचा मूळ पोत घासून घालवला की तुमच्याजवळचा पुरावाच गेला, आणि संग्राहक घासलेलं नाणं लांबूनच ओळखून बाजूला ठेवतो. साध्या पाण्यात बुडवा, कापडाने टिपा, बस.

सरकलेली छाप, दुहेरी अक्षरं

छाप एका बाजूला सरकलेली असेल तर चकती कॉलरच्या बाहेर होती. म्हणून एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते, वजन पूर्ण भरतं, आणि काठाला कॉलरचा आकार मिळत नाही. कॉलरच बसली नसेल तर छाप मधोमध असूनही नाणं पसरट आणि मोठं निघतं. रेल्वेखालचं नाणंही मोठं आणि पूर्ण वजनाचं असतं, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. फरक अक्षरांत बघायचा. कॉलरशिवाय पडलेल्या नाण्यात मधली नक्षी ठसठशीत असते. चाकाखालच्या नाण्यात सगळंच चपटं, आणि एकाच दिशेला ताणलेलं.

दुहेरी अक्षरांनी अनेक जण वेडे झालेत. भिंगातून आकड्याशेजारी दुसरा आकडा दिसला की झालं. नव्वद टक्के वेळा (हा माझा अंदाज, मोजलेला नाही) ती डाय ढिली बसल्याची खूण असते. दाब देऊन झाल्यावर डाय जराशी सरकते आणि नुकतंच उठलेलं अक्षर बाजूला ढकलते. त्यामुळे अक्षराशेजारी सपाट, बुटकी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक होतं. याला किंमत नाही. खऱ्या 'डबल्ड डाय'मध्ये डाय तयार करतानाच तिच्यावर मूळ ठसा दोनदा, जरा सरकून बसलेला असतो. मग दोन्ही प्रतिमा गोलसर, पूर्ण उंचीच्या असतात, अक्षर जाड होतं आणि टोकांना खाच पडते. त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष त्याच जागी असतो, म्हणून तसं दुसरं नाणं कुणाकडे आहे का हे विचारायला विसरू नका.

लाखी

आपल्याकडचे नाणेवाले 'ब्रोकेज'ला लाखी म्हणतात. एक नाणं डायला चिकटून राहतं, बाहेर पडत नाही, आणि पुढची चकती त्याच्यावरच दाबली जाते. मग त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी आणि खोल, आरशात बघितल्यासारखी.

लाखी घरी बनवणारे ती वाइसमध्ये (कामाच्या बाकावरच्या लोखंडी पकडीत) दोन नाणी एकमेकांवर ठेवून दाबतात. बघायला भारी वाटतं. पण दाबलेल्या नाण्यावर आधीची नक्षी होती, ती जाणार कुठे? भिंग लावा, खोल उलट्या अक्षरांच्या मधून मूळ उंच अक्षरांचे भुतासारखे अवशेष दिसतात. शिवाय मागची बाजू वाइसच्या जबड्यावर टेकून चपटी होते, कधी जबड्याची जाळी उमटते. खऱ्या लाखीत खोल बाजूला मूळ नक्षीचा मागमूस नसतो, कारण ती तिथे कधी पडलेलीच नसते.

दहाच्या नाण्याचं बुबुळ

दहाच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि आतली चकती प्रेसच्या दाबातच एकमेकांत अडकतात. म्हणून आतली चकती खरोखर सरकलेली असेल तर नक्षी दोन्ही धातूंवरून न तुटता गेलेली असते, सांध्यावर अक्षर मोडत नाही. हातोड्याने चकती काढून उलटी बसवलेली नाणी मी बरीच बघितली. सांध्याला केसाएवढी फट असते, कडं एका ठिकाणी ताणलेलं असतं, आणि हलवून कानाजवळ नेलं तर बारीक खुळखुळ ऐकू येते. नुसतं कडं हातात आलं आणि आतल्या भोकाच्या भिंतीवर चकती अडकून बसल्याची खोबण दिसली, तर चकती आधी होती आणि नंतर काढली.

दोन्हीकडे सिंह

आता कबुली. शिकाऊ असताना मी एक असं नाणं बनवलं होतं. १९७५ च्या जातीचा मोठा रुपया, तांबं-निकेलचा, २८ मिलिमीटर, ८ ग्रॅम. एक नाणं लेथच्या चकमध्ये धरून कड शाबूत ठेवून आतून पोखरलं. दुसऱ्याची कड उतरवून, मागची बाजू खरवडून कागदासारखी चकती केली आणि ती पहिल्यात दाबून बसवली. दोन्हीकडे सिंह. कडोलीच्या एका मित्राला क्रिकेटच्या टॉससाठी हवं होतं. तो सलग सात टॉस जिंकला आणि आठव्याला मार खाल्ला. नाणी मोडायला, वितळवायला कायद्याने बंदी आहे हे त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं. आता २०११ चा नाणे कायदा आहे, करू नका.

वीसेक वर्षांनी सराफ गल्लीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराने मला बोलावलं. "अण्णा, एक लई दुर्मीळ नाणं आलंय, तुम्ही बघा." मखमलीच्या डबीत माझंच नाणं. दगडावर टाकलं तर ठण्ण न वाजता थड् वाजलं. वजन ७.३. आणि कडेच्या आतल्या अंगाला, जिथे सांधा असतो, तिथे टूल जरा जास्त शिरलं होतं तो चरा अजून तसाच. अशी नाणी तपासताना हाच क्रम धरा: आवाज, वजन, मग कडेला आतून सुई फिरवून सांधा शोधा. मी दुकानदाराला खरं सांगितलं. त्याने ते किती देऊन घेतलं होतं हे त्याने मला सांगितलं नाही.

रंग, तेजाब, भंडारा

पिवळा पडलेला रुपया दिसला की आधी विचारा, मायाक्का चिंचलीच्या नाहीतर सौंदत्तीच्या जत्रेतून आलाय का. भंडारा अक्षरांच्या खाचांत घट्ट बसतो, सपाट भागावरून पुसला जातो, आणि नाणं दुरून पितळी वाटतं. ओल्या कापडाने टिपलं की कळतं. मलप्रभेच्या पुलावरून टाकलेली नाणी वर्षानुवर्षं वाळूत लोळून गुळगुळीत होतात किंवा त्यांना देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. 'पातळ चकतीवर पडलेलं नाणं' म्हणून येतात ती बहुधा तेजाबातली. तेजाब सगळीकडून खातं, म्हणून जाडी कमी होते, पण व्यासही कमी होतो आणि अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी विरघळतात. चकती मुळात पातळ असेल तर व्यास कॉलरने दिलेला, म्हणून पूर्ण भरतो.

जुनी नाणी: इथे नियम वेगळे

यळ्ळूर, कडोलीकडच्या शेतात नांगरताना तांब्याची नाणी निघतात, त्यांत शिवराई असते. एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति'. कुणाच्या नाण्यावर 'छ' नसतो, कुणाच्या 'शिव' अर्धा कापलेला. ही चूक धरायची नाही. हातोड्याने पाडलेलं नाणं. डाय मोठी, तांब्याचा गोळा लहान, जेवढं बसलं तेवढं बसलं. कॉलरच नव्हती तर सरकलं कशावरून म्हणायचं? आझमनगरच्या रुपयांनाही तेच लागू, आणि आझमनगर म्हणजे आपलं बेळगावच.

चांदीच्या राणीछाप रुपयावर बारीक ठोकलेल्या खुणा असतात, त्या सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या. ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा भरायला हवा. कमी भरला तर कड बघा, कानशीने चांदी काढलेली असते. जास्त भरला तर वरच्या बाजूला डाग दिल्याची खूण शोधा, गळ्यातल्या माळेला कडी लावलेली असणार.

भोकाचा पैसा, १९४३ ते १९४७ मधला, हा वेगळाच ताप आहे. भोक मधोमध नसेल तर ते खरं एरर असू शकतं. पण हे पैसे लोकांनी वॉशर म्हणूनही वापरले, बोल्ट जाड असला तर भोक मोठं करून. मूळ भोकाच्या कडेशी नक्षी जुळवून घेते. ड्रिलने वाढवलेल्या भोकाच्या आत गोल गोल रेघा असतात आणि एका तोंडाला बर. पैशाचं वजन २ ग्रॅमच्या आसपास असतं, एवढ्याशा फरकाला साधा काटा पुरत नाही, सोनाराचाच लागतो.

फोटो पाठवायचा असेल तर

दोन्ही बाजू, काठ चारी अंगांनी, काट्यावर ठेवलेलं नाणं आकडा दिसेल असं, आणि शेजारी त्याच जातीचं चांगलं नाणं. उजेड वरून डावीकडून; रेघेचा प्रश्न असेल तर मात्र मघाशी सांगितले तसे चार फोटो. बॅटरीचा झोत थेट वर नको, सगळं पांढरं होतं.

आणि फोनवर कुणी "रिझर्व्ह बँकेतर्फे बोलतोय, नाण्याचे पाच लाख मंजूर झालेत, आधी कमिशन भरा" म्हणाला तर फोन ठेवा. बँक असलं काही करत नाही, ऑगस्ट २०२१ मध्ये तिने तसं जाहीर बजावलंय. आमच्या कंडक्टरला त्या कोरीच्या रुपयासाठी असा फोन आला होता. त्याने पलीकडच्या माणसाला विचारलं, "समोरची कड फिकी हाय काय सांगा बघू?" फोन कट झाला. ते नाणं अजून त्याच्याकडेच आहे. काल आणखी अकरा आणून दिलीत, त्यातली नऊ रेल्वेची. दोन अजून बघायची आहेत.